बिभीषणाचा अर्ज

युद्धकांडातला एक प्रसंग आम्ही वर्गात अनेकदा सांगितला आहे. पण तो एका सुनावणीचा वृत्तान्त आहे, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. रावणाने भर सभेत अपमान केल्यावर बिभीषण लंका सोडतो, चार साथीदारांसह समुद्राच्या उत्तर तीरावर येतो आणि आकाशातच थांबून राहतो. आपण कोणाचे भाऊ, हे तो लपवत नाही. बायकामुले मागे ठेवून आलो आहोत, असे सांगून तो शरण मागतो. खाली वानरांच्या छावणीत त्याच्या विनंतीवर खल सुरू होतो. सुग्रीवाला तो हेर वाटतो. अंगद म्हणतो, आधी परीक्षा घ्यावी. जांबवानाला त्याच्या येण्याची वेळ आणि जागा दोन्ही संशयास्पद वाटतात. मैंदाचे मत असे, की त्याला गोडीने प्रश्न विचारावेत. हनुमान मात्र वेगळेच बोलतो. परक्या माणसाला एकाएकी प्रश्नांसमोर उभे केले, तर खरा मित्रही बिथरेल, हे तो सांगतो. आणि या माणसाच्या बोलण्यात वा चेहऱ्यावर दुष्टावा दिसत नाही, अशी ग्वाही देतो. अखेरीस राम निर्णय देतो. तो निर्णय बिभीषणाच्या खरेपणावर अवलंबून नाही. शरण आलेल्याला अभय द्यायचे, हे रामाचे स्वतःचे व्रत आहे. समोरचा कसा आहे यावर ते ठरत नाही.

याच बिभीषणाला आपल्या भाषेने ‘घरभेदी’ ठरवून ठेवले आहे. एकच माणूस एका काठावर घरभेदी आणि दुसऱ्या काठावर शरणागत असतो. मतासाठी देश सोडावा लागलेल्या प्रत्येकाची हीच गत आहे. आज कोणत्याही देशात आश्रयासाठी केलेल्या अर्जाची फाइल उघडली, तर तिच्यात सुग्रीव, अंगद, जांबवान, मैंद हे सारे भेटतात. हनुमान क्वचित भेटतो. रामाच्या निर्णयाचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत आपण ‘निर्वासित’ म्हणतो, हिंदीत ‘शरणार्थी’ म्हणतात. ‘निर्वासित’ या शब्दात काय गेले ते आहे: वास गेला, घरातून घालवून दिले गेले. ‘शरणार्थी’ या शब्दात काय हवे ते आहे. त्यातला ‘अर्थी’ म्हणजे मागणारा. आपला ‘अर्ज’ हा शब्द अरबीतून आलेला, त्याचा या ‘अर्थी’शी व्युत्पत्तीने काही संबंध नाही, पण विसाव्या शतकाने या दोघांची कायमची गाठ घालून दिली. या शतकापूर्वी शरण मागितली जाई ती राजाकडे, मठाकडे, देवळाकडे. ती मिळे किंवा नाकारली जाई. पण तिच्यासाठी विहित नमुना नव्हता. तो कसा आला आणि त्यातला प्रश्न कसा बदलत गेला, हे पाहण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपभर पारपत्रांचा अंमल कडक झाला आणि नेमक्या त्याच काळात रशियातून लाखो माणसे बाहेर पडली. डिसेंबर १९२१मध्ये सोव्हिएत सरकारने देशाबाहेर गेलेल्या बहुसंख्यांचे नागरिकत्व काढून घेतले. या माणसांना कोणत्याही सीमेवर दाखवायला काही उरले नाही. राष्ट्रसंघाने १९२१मध्येच नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रिट्जॉफ नान्सेन यांना निर्वासितांचे उच्चायुक्त नेमले होते. त्यांच्या पुढाकाराने जुलै १९२२मध्ये जिनिव्हात एक प्रवासपत्र मान्य झाले, तेच पुढे ‘नान्सेन पारपत्र’ म्हणून ओळखले गेले. ते १९२४पासून आर्मेनियनांनाही मिळू लागले. स्त्राविन्स्की, शागाल, नाबोकोव्ह यांनी या कागदावर आयुष्याची काही वर्षे काढली. नाबोकोव्हने आपल्या आत्मकथनात या कागदाविषयी आणि तो पाहताच बदलणाऱ्या अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यांविषयी कडवटपणे लिहिले आहे. तरीही त्या व्यवस्थेचा एक विशेष नोंदवायला हवा. नान्सेन पारपत्र मागणाऱ्याला आपण काय भोगले, हे सिद्ध करावे लागत नव्हते. तू मूळचा रशियन आहेस का, तुझ्या मूळ सरकारचे संरक्षण तुला उरले आहे का, एवढेच विचारले जाई. प्रश्न ‘तू कोण?’ असा होता.

त्या प्रश्नाची मर्यादा १९३३नंतर उघडी पडली. जर्मनीतून निघालेल्या ज्यूंना ‘तू कोण?’ हाच प्रश्न घातक ठरू लागला. ऑक्टोबर १९३८पासून त्यांच्या जर्मन पारपत्रांवर लाल ‘जे’ हे अक्षर उमटवले जाऊ लागले. म्हणजे ओळखपत्रच सीमेवरून परत पाठवण्याचे साधन झाले. त्याच वर्षी जुलैत फ्रान्समधल्या एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी जमले. सर्वांनी सहानुभूती व्यक्त केली. मोठ्या संख्येने माणसे घेण्याची तयारी डॉमिनिकन प्रजासत्ताकाखेरीज कोणी दाखवली नाही. मे १९३९मध्ये ‘सेंट लुइस’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हवानाकडे निघाले. त्यांतल्या केवळ अठ्ठावीस जणांना तिथे उतरू दिले गेले. अमेरिकेनेही दार उघडले नाही. युरोपात परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे नाझी संहारात मारले गेले.

साहित्याच्या वाचकाला या काळातला एक मृत्यू अधिक परिचित आहे. सप्टेंबर १९४०मध्ये वॉल्टर बेंजामिन पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनच्या पोर्टबू या गावी पोहोचला. त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेन आणि पोर्तुगालमधून जाण्याची परवानगी होती. फ्रान्समधून बाहेर पडण्याचा परवाना तेवढा नव्हता. परत पाठवले जाणार असे कळल्यावर त्या रात्री त्याने बहुधा मॉर्फिन घेऊन जीवन संपवले. त्याच्या बरोबरच्यांना नंतर पुढे जाऊ दिले गेले. ज्या राजवटीपासून माणूस पळतो आहे, तिच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनी त्याला पळण्याचा परवाना द्यावा, ही त्या कागदाची अपेक्षा होती. छळाने जे हिरावून घेतले, तेच अर्जासोबत जोडायला सांगणे हा या व्यवस्थेतला मूळ विसंवाद, आणि तो पुढेही पूर्णपणे सुटलेला नाही.

याच सुमारास आपल्याकडे काय घडत होते? सप्टेंबर १९३९मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड घेतल्यावर तिथली लाखो माणसे सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केली गेली. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर १९४१मध्ये त्यांना सुटका मिळाली. त्यांतले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. शाळा, चर्च यांसह एक छोटे पोलंडच पंचगंगेच्या परिसरात वसले. यांपैकी कोणालाही कोल्हापुरात येताना स्वतःच्या छळाची कहाणी सिद्ध करावी लागली नव्हती. ते दोस्तराष्ट्राचे नागरिक होते, समूहाने आले, समूहाने स्वीकारले गेले. त्यांचा अर्ज जणू युद्धानेच लिहिला होता.

खरा पेच युद्ध संपल्यावर आला. पोलंड सोव्हिएत वर्चस्वाखाली गेला होता आणि जिथून हद्दपार केले गेले ते पूर्वेकडचे प्रांत पोलंडमध्ये उरलेच नव्हते. वळिवड्यातल्या अनेकांप्रमाणे युरोपातल्या छावण्यांतल्या लाखोंनी परतायला नकार दिला. नव्या पोलंडचे सरकार आणि सोव्हिएत गट म्हणत, ‘देश मुक्त झाला आहे, परत या.’ यावर संयुक्त राष्ट्रांत कडाक्याचा वाद झाला. त्यातून डिसेंबर १९४६मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेची घटना संमत झाली. परतण्यास ‘सयुक्तिक हरकत’ असलेल्यांना मदत मिळेल, असे तिच्यात म्हटले होते. आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व किंवा राजकीय मत यांवरून छळाची सकारण भीती ही अशी एक हरकत मानली होती. आमच्या मते आश्रयाच्या इतिहासातले हे वळण सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘तू कोण?’ या प्रश्नाची जागा इथे ‘तुला कशाची भीती वाटते?’ या प्रश्नाने घेतली.

हीच भाषा २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हात संमत झालेल्या निर्वासितविषयक करारात स्थिरावली. त्यानुसार निर्वासित म्हणजे अशी व्यक्ती, जी आपल्या देशाबाहेर आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांपैकी एखाद्यामुळे छळ होईल अशी जिला सकारण भीती आहे. आणि त्या भीतीमुळे जी आपल्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही वा घेऊ इच्छीत नाही. मूळ करार १ जानेवारी १९५१पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७च्या मसुद्याने ती अट काढली. एकतिसाव्या कलमाने, जिवाला वा स्वातंत्र्याला धोका असलेल्या ठिकाणाहून थेट येऊन विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होणाऱ्यास बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये असे सांगितले. तेहतिसाव्या कलमाने, जिथे धोका आहे तिथे परत ढकलू नये असे बंधन घातले. अर्थात हेही अपवादांसह. रामाच्या व्रतातले कायद्याने जे राखले ते बव्हंशी या तेहतिसाव्या कलमात आहे. आश्रय ‘मिळण्याचा’ हक्क मात्र कुठेच लिहिलेला नाही. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमातही आश्रय मागण्याचा आणि मिळाल्यास उपभोगण्याचा हक्क आहे. तो ‘दिला जाण्याचा’ हक्क मसुद्यातून वगळला गेला.

भीतीचा निकष माणसाला व्यक्ती म्हणून पाहतो, ही त्याची थोरवी. कोणत्याही देशातल्या कोणाही एकट्यादुकट्या माणसाला त्याने दार ठोठावण्याची मुभा दिली. पण भीती ही मनातली वस्तू. ती दाखवायची कशी? सांगूनच. म्हणून अर्ज हा कथनाचा प्रकार झाला. देशोदेशी तपशील निराळे असले, तरी वाट साधारण एकच असते. सीमेवर, विमानतळावर किंवा देशात शिरल्यानंतर आश्रय मागायचा असल्याचे सांगायचे. नोंदणी होते, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. मग अर्ज भरायचा आणि आपली हकीकत लिहून द्यायची. काही देशांत मुदतीचीही अट असते. अमेरिकेने १९९६च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, प्रवेशापासून एका वर्षात अर्ज करण्याचे बंधन घातले. त्यानंतर मुलाखत, बहुधा दुभाष्यामार्फत. मुलाखत घेणारा तारखा, गावे, रस्ते, माणसे विचारतो. लेखी हकिकतीशी तोंडी हकीकत ताडून पाहतो. त्या देशाविषयीच्या अहवालांशी दोन्ही जुळवतो. मग निर्णय, आणि तो विरुद्ध गेला तर अपील.

या वाटेवर न्यायालयांनी काही दिवे लावले आहेत, त्यांतले तीन सांगण्यासारखे आहेत. कॅनडात १९८५पूर्वी अर्जदाराची शपथेवर चौकशी होई, तिची लेखी प्रत ओटावाला जाई आणि त्याला कधीही न पाहिलेली समिती त्यावरून मत देई. ही पद्धत ज्यांनी आव्हानित केली, ते अर्जदार बहुतेक शीख होते. ४ एप्रिल १९८५ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सिंग’ खटल्यात निकाल दिला: माणूस खरे बोलतो की नाही, हाच जिथे प्रश्न आहे, तिथे त्याला समोरासमोर ऐकून घेतलेच पाहिजे. पंजाबातून निघालेल्या माणसांनी कॅनडाच्या कायद्याला कान दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरा निकाल १९८७चा, अमेरिकेतला. निकाराग्वाच्या एका स्त्रीला, छळ होण्याची शक्यता न होण्यापेक्षा अधिक आहे हे सिद्ध करायला सांगितले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. भीती सकारण ठरण्यासाठी एवढ्या मोठ्या संभाव्यतेची गरज नाही. दहात एक एवढी शक्यता असली, तरी ती पुरेशी ठरू शकते. याचा साधा अर्थ असा, की दहा दारांपैकी एकामागे मारेकरी आहे हे ठाऊक असलेला माणूस घरी जायला घाबरला, तर त्याला कोणी भित्रा म्हणू नये.

तिसरा निकाल १९९९चा, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा. पाकिस्तानातल्या दोन स्त्रियांवर व्यभिचाराचे आळ घेतले गेले होते. त्यांना नवऱ्यांनी घराबाहेर काढले होते. १९५१च्या पाच कारणांत ‘स्त्री असणे’ हे कारण नव्हते. लॉर्ड्सनी म्हटले, की जिथे समाज स्त्रियांना दुय्यम लेखतो आणि राज्य त्यांना संरक्षण देत नाही, तिथे स्त्रिया हाच एक ‘विशिष्ट सामाजिक गट’ होतो. १९५१च्या परिषदेत स्वीडनच्या प्रतिनिधीच्या सूचनेवरून घातलेले हे मोघम शब्द अठ्ठेचाळीस वर्षांनी कोणाच्या कामी आले, हे पाहिले की कायद्याच्या भाषेतल्या मोघमपणालाही कधीकधी दंडवत घालावासा वाटतो.

पण दिवे आहेत म्हणून अंधार संपला असे नाही. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. कथनात तपशील असावा, सुसंगती असावी, संभवनीयता असावी, हे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. आश्रयअर्जाची छाननी करणारा अधिकारीही नेमक्या याच गोष्टी शोधतो, हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही अस्वस्थ झालो. कारण आघात झालेल्या माणसाची स्मृती चांगल्या कथेसारखी नसते. तिला खोलीचा वास आठवतो, तारीख आठवत नाही. लज्जेची गोष्ट ती पहिल्या भेटीत सांगत नाही. आणि दुसऱ्या भेटीत सांगितली, तर ‘आधी का नाही सांगितली?’ असा प्रश्न तयार असतो. दुभाष्याने ‘काका’चे ‘मामा’ केले, की फाइलीत विसंगती नोंदली जाते. आमच्या वर्गात अडखळत सांगितलेल्या आत्मकथनाला गुण कमी पडतील. इथे त्याच अडखळण्याची किंमत माणूस परत पाठवला जाणे ही असू शकते. उलट, घोटून पाठ केलेली खोटी हकीकत कथनाच्या सर्व कसोट्यांना उतरते. खोटे अर्ज येतातच. जांबवानाचा संशय अगदीच अस्थानी नसतो. प्रश्न एवढाच, की त्या संशयाचा भार कोणी वाहायचा.

ऐकणाराही यंत्र नसतो. अमेरिकेतल्या तीन कायदेपंडितांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मायामीच्या एकाच न्यायालयात कोलंबियाच्या अर्जदारांना आश्रय मिळण्याचे प्रमाण एका न्यायाधीशापुढे पाच टक्के, तर दुसऱ्यापुढे अठ्ठ्याऐंशी टक्के होते. फाइल कोणाच्या टेबलावर पडते यावर जीव ठरत असेल, तर त्याला निवाडा म्हणणे कठीण आहे. हनुमानापुढे उभे राहिलो की सुग्रीवापुढे, हा केवळ नशिबाचा भाग उरतो.

आपल्या देशाची स्थिती निराळी आहे. भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. १९४६च्या विदेशी नागरिक कायद्यात निर्वासित आणि इतर परदेशी असा भेद नव्हता. २०२५मध्ये त्याची जागा घेणाऱ्या कायद्यानेही निर्वासितांसाठी अशी सर्वसाधारण प्रक्रिया घालून दिली नाही. तरीही १९५९नंतर तिबेटी, १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेले सुमारे एक कोटी लोक, १९८३नंतर श्रीलंकेचे तमिळ, या सर्वांना इथे जागा मिळाली. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांचा विषय सरकार स्वतः हाताळते. अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतून आलेल्यांना दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे नोंदणी करावी लागते, मुलाखत द्यावी लागते आणि दावा मान्य झाला तर एक ओळखपत्र मिळते. त्या पत्राला आपल्या कायद्यात ठाम आधार नाही. १९९६मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जीविताचा हक्क परकीयांनाही आहे आणि त्याचे रक्षण राज्याने करावे. मे २०२५मध्ये मात्र एका श्रीलंकन तमिळ व्यक्तीच्या याचिकेवर बोलताना त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने, भारत ही जगभरच्या निर्वासितांची धर्मशाळा नव्हे, अशा आशयाचे उद्गार काढले. दोन्ही आवाज आपलेच आहेत. लिखित प्रक्रिया नसली की औदार्य असते, पण त्यावर हक्काने बोट ठेवता येत नाही. ते त्या त्या वेळच्या मर्जीवर राहते.

आता पुन्हा वळिवड्याला जाऊ. पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली आणि ती वस्ती गांधीनगर झाली. आज कोल्हापूर भागातले लोक तिथे कापडखरेदीला जातात. या सिंधी कुटुंबांना कायद्याने ‘विस्थापित’ म्हटले, मराठीने ‘निर्वासित’. त्यांनीही अर्ज भरले. पण त्या दाव्यांत मागे राहिलेल्या मालमत्तेची मोजदाद होती. भीती सिद्ध करायला त्यांना कोणी सांगितले नाही, कारण ती सर्वांना दिसत होती. एकाच बराकींत लागोपाठ राहिलेल्या या दोन समूहांकडे पाहिले, की असे वाटते: ज्यांची भीती आपल्या ओळखीची असते, त्यांच्याकडे आपण पुरावा मागत नाही. पुरावा मागतो तो अनोळखी भीतीकडे. एकटा येणारा, परक्या भाषेत बोलणारा, आपण ज्याच्या देशाचे नावही धड उच्चारू शकत नाही असा माणूस जेव्हा तीच भीती सांगतो, तेव्हा आपल्यातला जांबवान जागा होतो.

निर्वासित उच्चायुक्तालयाने १९७९मध्ये निर्णयकर्त्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. पळून आलेल्या माणसाकडे बहुधा कागद नसतात. म्हणून तथ्य शोधण्याची जबाबदारी त्याची एकट्याची नसून विचारणाऱ्याचीही आहे. आणि त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केल्यावर, हकीकत एकूण विश्वसनीय वाटत असेल, तर उरलेल्या शंकेचा फायदा त्याला द्यावा, असे तिच्यात म्हटले आहे. यात दयेचा प्रश्न नाही. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. पण एका चुकीत अपात्र माणूस राहून जातो, तर दुसरीत पात्र माणूस मारला जातो. दोन्ही चुकांचे वजन सारखे नाही, एवढेच ती मार्गदर्शिका सांगते. हनुमान हे फार पूर्वी सांगून गेला होता. आम्ही पुढच्या वर्षी युद्धकांड शिकवू, तेव्हा या ठिकाणी थांबणार आहोत. बिभीषण खरा की खोटा, हा प्रश्न मुलांना विचारण्याआधी, तो आकाशात किती वेळ ताटकळला असेल, हे त्यांना विचारणार आहोत.